पठाराचं पाणी

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, जुन्या रूट ६६ महामार्गावरच्या पीच स्प्रिंग्ज या गावापलीकडे एक फाटा उत्तरेकडे वळतो आणि सुमारे शंभर किलोमीटर उघड्या पठारावरून जात राहतो. वाटेत पेट्रोलपंप नाही, दुकान नाही, पाण्याचा नळही नाही. खुरटी जुनिपरची झाडं, गवताचे सुकलेले पुंजके आणि अधूनमधून रस्त्यावर येऊन उभी राहणारी गुरं, एवढंच दिसतं. रस्ता जिथे संपतो त्या जागेला वालापाय हिलटॉप म्हणतात. तिथे गाड्यांचा तळ आहे, खेचरांसाठी कुंपण आहे, हेलिकॉप्टर उतरायला सपाट जागा आहे, आणि त्यापुढे कडा तुटलेला आहे. कड्यावरून खाली नजर टाकली तर तांबडे-पांढुरके खडक आणि त्यांच्यामधून गेलेली कोरडी घळ दिसते. हिरवा रंग कुठेच नाही. याच घळीने तेरा किलोमीटर चालत गेलं की सेकंदाला सुमारे १,८०० लिटर पाणी वाहून नेणारा ओढा लागतो, तो बारा महिने वाहतो आणि त्याचं पाणी निळं आहे, हे या जागी उभं राहून खरं वाटत नाही.

हा हवासू ओढा. ग्रँड कॅन्यनला दक्षिणेकडून येऊन मिळणाऱ्या दऱ्यांपैकी एका मोठ्या दरीतून तो वाहतो आणि शेवटी कोलोरॅडो नदीत पडतो. त्याच्या धबधब्यांची छायाचित्रं जगभर पोचली आहेत. लोक ती पाहून येतात, धबधब्याखाली डुंबतात आणि परत जातात. पण हिलटॉपला येताना जे पठार आपण मोटारीच्या काचेतून कंटाळून पाहिलेलं असतं, त्या पठारावाचून हा ओढा समजत नाही, असं मला ठामपणे वाटतं. ओढ्याचं पाणी पठाराचं आहे. त्याच्या काठी राहणाऱ्या माणसांचं निम्मं आयुष्य पठारावर जात असे. त्याला येणारे पूर पठारावरून येतात, आणि त्याच्याबद्दलची आजची सर्वांत मोठी काळजीही पठारावरच्याच एका खड्ड्यातून निघाली आहे. म्हणून ही वाट चालताना नजर खाली ओढ्यावर असली, तरी ध्यान वर ठेवायला हवं.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला या वाटेची एक गोष्ट आधी अंगवळणी पाडून घ्यावी लागते. गडावर जाताना चढ आधी येतो. दम कितपत टिकतोय हे पहिल्या तासाभरात कळतं, नाही जमलं तर माघारी फिरता येतं आणि परतीला उतार असतो. इथे सगळं उलटं आहे. हिलटॉपची उंची सुमारे १,५८० मीटर, खालचं सुपाय गाव सुमारे ९७५ मीटरवर. सुरुवातीच्या अडीच किलोमीटरमध्येच वाट नागमोडी वळणं घेत जवळपास ३०० मीटर खाली उतरते. सकाळच्या गारव्यात हा उतार पायांना काहीच वाटत नाही. परतीच्या दिवशी मात्र थकलेल्या पायांनी, पाठीवर ओझं घेऊन, अख्ख्या वाटेतला सगळ्यात खडा चढ अगदी शेवटी चढायचा असतो, आणि तिथे सावली नसते. उन्हाळ्यात दरीच्या तळाशी पारा ३८ अंशांच्या वर जातो. त्यामुळे जाणते लोक परतीला पहाटेच्या अंधारातच निघतात आणि ऊन चढायच्या आत कड्याखाली पोचतात.

पाण्याचाही हिशेब असाच. गावापर्यंतच्या तेरा किलोमीटरांत पिण्याजोगं पाणी कुठेही नाही, सगळं पाठीवर न्यावं लागतं. त्यातही नुसतं पाणी ढोसत राहणं घातक ठरू शकतं. कोरड्या हवेत घाम निथळत नाही, त्वचेवरच उडून जातो, म्हणून किती मीठ शरीराबाहेर गेलं हे कळत नाही. वर लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलं, खाणं झालं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ होते, डोकं दुखतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. उन्हाचा त्रास समजून सोबती त्याला आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण बिघडतं. ग्रँड कॅन्यनमधले वनरक्षक चालणाऱ्यांना खारट खाणं बरोबर ठेवायला का सांगतात, ते यावरून लक्षात यावं.

वळणं उतरताना दोन्ही बाजूंचे खडक बदलत जातात. माथ्यावर कैबाब चुनखडी, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. तिच्याखाली फिकट वालुकाश्म, त्या समुद्राच्याही आधीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या. मग तांबडे, मऊ, चिखलापासून झालेले थर. आणखी खाली, गावाच्या पुढे, रेडवॉल नावाची चुनखडीची प्रचंड भिंत लागते. ती सुमारे ३४ कोटी वर्षांची. रेडवॉल बाहेरून लाल दिसते, पण तो रंग तिचा नाही. वरच्या तांबड्या थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून तिच्या अंगावर बसलं आहे. टवका उडाला की आतली राखाडी चुनखडी दिसते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. ते लाव्हे वाहिले तेव्हा या वाटेवरचा प्रत्येक थर फार पूर्वीच घट्ट होऊन गेला होता.

ही थरांची नावं पाठ करायची गरज नाही. पाण्याच्या दृष्टीने एवढं ध्यानात घ्यावं की चुनखडीत भेगा असतात, त्या भेगा पाण्याने विरघळून रुंद होतात आणि पाणी आत उतरतं. चिखलापासून झालेल्या थरांमधून ते सहज जात नाही. पठारावर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ यांतलं बहुतेक पाणी वाफ होऊन जातं. उरलेला अगदी थोडा वाटा भेगा, भ्रंश आणि विवरं शोधत शेकडो मीटर खाली उतरतो आणि रेडवॉल व तिच्याखालच्या मुआव्ह चुनखडीत साठतो. त्याहून खाली ब्राइट एंजल शेल हा घट्ट थर आहे. तो पाण्याला अडवतो. मग पाण्याला आडवं सरकण्यावाचून मार्ग राहत नाही. पठाराखालचे थर या भागात एका खोलगट वाकाकडे कलले आहेत, त्यामुळे दूरदूरचं पाणी हवासूच्या दिशेने गोळा होतं. दरी कापत कापत त्या साठ्याच्या पातळीपर्यंत पोचली, तिथे ते बाहेर पडलं.

हे सगळं व्हायला किती काळ लागतो? ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण बाजूच्या झऱ्यांमध्ये काही दशकांपूर्वी मुरलेलं पाणीही सापडतं आणि हजारो वर्षांपूर्वी मुरलेलंही. हवासूसारख्या मोठ्या झऱ्याचं पाणी म्हणजे वेगवेगळ्या काळांतल्या पावसांचं मिश्रण आहे. म्हणूनच एखाददुसरं दुष्काळी वर्ष आलं तरी ओढ्याची धार फारशी बदलत नाही, आणि जमिनीखालच्या खोलीमुळे झऱ्याशी पाणी वर्षभर सुमारे २१ अंश तापमानाचं असतं. जानेवारीत ते कोमट वाटतं, जूनमध्ये गार.

वळणं संपली की वाट वालापाय कॅन्यनच्या कोरड्या पात्रात शिरते. आता उतार फारसा नसतो. पायाखाली रेती आणि गोटे, दोन्ही बाजूंना तांबड्या भिंती. काठावर मेस्किटची झाडं दिसतात. महाराष्ट्रात माळावर माजलेली वेडी बाभूळ याच प्रजातीगटातली, आणि तीही मुळात अमेरिका खंडातूनच आलेली. त्यामुळे या परक्या घळीत ते काटे आणि त्या शेंगा ओळखीच्या वाटतात. मधूनच खेचरांचा तांडा समोरून येतो. अशा वेळी दरीच्या कडेला नव्हे, डोंगराच्या अंगाला सरकून उभं राहायचं. बुजलेल्या जनावराचा धक्का लागला तर कडेला उभा असलेला माणूस खाली जातो.

या पात्रातून चालताना भिंतींकडे जरा निरखून बघावं. डोक्याच्याही वर, कपारीत ओंडके अडकलेले असतात. झाडांच्या बुंध्यांना काटक्यांचे गुंडाळे बसलेले असतात. पाणी तिथवर चढलं होतं, याच्या या खुणा. जमिनीखालून हजारो वर्षांनी येणारं पाणी जसं पठाराचं, तसंच हे तासाभरात येणारं पाणीही पठाराचं. हवासू ओढ्याला जिथलं पावसाचं पाणी मिळतं ते पाणलोट क्षेत्र सुमारे ७,८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्म्याएवढं. अ‍ॅरिझोनातही मान्सून असतो. तिथल्या हवामान खात्याच्या लेखी तो १५ जून ते ३० सप्टेंबर. पण तो आपल्यासारखा दिवसचे दिवस लागून राहत नाही. दुपारी ढग फुटल्यासारखा एकाच जागी कोसळतो आणि उघडतो. जमीन उघडी आणि कडक, पाणी मुरायला अवधी मिळत नाही. सगळं नाल्यांतून घळीत उतरतं. दरीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतं आणि तीस-चाळीस किलोमीटरवरच्या पावसाचा लोंढा त्याच्याकडे निघालेला असतो. म्हणून इथल्या भटक्याने आधी पाहायचा तो दरीतला हवामानाचा अंदाज नव्हे, पठारावरचा.

वालापाय कॅन्यन जिथे मोठ्या दरीला मिळतं तिथे डावीकडे वळायचं. थोड्याच अंतरावर रेती ओलसर होते. मग एक झिरपा दिसतो, मग दुसरा, आणि बघता बघता पाण्याचा आवाज सुरू होतो. एका टप्प्यात कोरडं पात्र आणि पुढच्या टप्प्यात गुडघाभर पाणी. कॉटनवुडची उंच, डेरेदार झाडं, वाळुंजाच्या जातकुळीतली विलो, जंगली द्राक्षांचे वेल. पाणी झिरपणाऱ्या भिंतींवर हंसराजाच्या कुळातले नेचे लोंबतात. चार तास तांबड्या खडकांशिवाय काही न पाहिलेल्या डोळ्यांना ही हिरवळ सहन होत नाही इतकी दाट वाटते. या ठिकाणी थांबून पाणी बघावं, कारण इथे ते अजून निळं नसतं. स्वच्छ, पारदर्शक असतं. निळाई पुढे येते, आणि त्यामागचं कारण मोठं सुंदर आहे.

पण त्याआधी गाव. सुपाय हे हवासूपाय लोकांचं गाव. शेकड्यांत मोजावी एवढी वस्ती, शाळा, दुकान, चर्च, लहानसं लॉज, घोडे बांधलेली अंगणं आणि त्यांच्यामधून वाहणारे पाटाचे ओघळ. गावाला मोटाररस्ता नाही. टपाल अजूनही खेचरांवरून येतं. अमेरिकेत अशी टपालवाट आता ही एकच उरली आहे. आणि टपाल म्हणजे नुसती पत्रं नव्हेत, किराणा आणि औषधंसुद्धा टपालातूनच येतात. गावावर दोन खडकाचे सुळके उभे आहेत, त्यांना विग्लीवा म्हणतात. ते या लोकांचे राखणदार. ते ढासळले तर गावाचा शेवट होईल अशी श्रद्धा आहे. जिथे कड्यांवरून दरडी कोसळतात आणि घळीतून लोंढे येतात, तिथे नजर सतत त्या सुळक्यांवर असावी यात मला नवल वाटत नाही.

१७७६ च्या जूनमध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश धर्मोपदेशक या दरीत उतरला. काही दिवस राहिला. तेव्हाही इथे पाटाच्या पाण्यावर मक्याची, घेवड्याची, भोपळ्याची शेती होती, घोडे आणि गुरंही होती. पीचसारखी युरोपीयांनी आणलेली फळझाडं नंतर इथे रुजली आणि फळली. मात्र ही शेती म्हणजे वर्षाचा अर्धाच भाग होता. पिकं हाती आली की कुटुंबं वर पठारावर जात. तिथे हिवाळाभर हरणांची शिकार, पिन्यॉन पाइनच्या बिया गोळा करणं, सरपण. दरीत हिवाळ्यात ऊन जेमतेम काही तास उतरतं आणि जळणाचं लाकूड लवकर संपतं. शिवाय शेतजमिनीला आणि झाडोऱ्याला विश्रांती मिळे. दरी आणि पठार मिळून एक घर होतं.

ते घर सरकारने मध्यातून तोडलं. १८८० मध्ये त्यांच्यासाठी राखीव प्रदेश ठरवला गेला आणि १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या आदेशाने तो आखडून ५१८ एकरांवर आणला. ५१८ एकर म्हणजे खालची शेतं आणि घरं, बस्स. वरचं सगळं पठार आधी पशुपालकांच्या आणि वनखात्याच्या हाती, आणि १९१९ पासून बराच भाग ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाकडे. ग्रँड कॅन्यनच्या मुख्य पर्यटनस्थळाखाली, ब्राइट एंजल वाटेवर सुमारे सात किलोमीटर उतरल्यावर एक झऱ्याकाठची हिरवी जागा आहे. तिथेही हवासूपाय कुटुंबं शेती करीत. तिथल्या शेवटच्या रहिवाशाला १९२८ मध्ये निघायला लावलं. त्या जागेला पुढे जवळपास शतकभर ‘इंडियन गार्डन’ म्हणत राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचं अधिकृत नाव बदलून हवासूपाय गार्डन्स केलं गेलं.

जमीन परत मिळाली ती ३ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने, सुमारे १ लाख ८५ हजार एकर. एका लहान जमातीने जवळजवळ शंभर वर्षं चिकाटीने मागणी करून मिळवलेला हा विजय आहे. या मागणीला विरोध करणाऱ्यांमध्ये सिएरा क्लबसारखी निसर्गरक्षण करणारी नामवंत संस्था होती, ही गोष्ट मला अजून टोचते. उद्यानाची जमीन एकदा द्यायला लागलं तर सगळीच उद्यानं धोक्यात येतील, अशी त्यांची भीती होती. पण तिथे उद्यान व्हायच्या कितीतरी पिढ्या आधीपासून माणसं हिवाळा काढत होती. त्यांना पाहुणे ठरवून निसर्ग वाचवायचा, हा विचार मुळातच चुकीचा होता. आज ओढ्याकाठी कोणी, किती, केव्हा यायचं हे हवासूपाय ठरवतात. आधी आरक्षण लागतं, एका दिवसात जाऊन येण्याची परवानगी नाही, दारू चालत नाही, ड्रोन चालत नाही. कोविडच्या काळात मार्च २०२० मध्ये त्यांनी दरी बाहेरच्यांसाठी बंद केली ती फेब्रुवारी २०२३ मध्येच उघडली. गावात एकही मोठं रुग्णालय नाही, घरांत म्हातारी माणसं आहेत, म्हणून त्यांनी कमाईचं मुख्य साधन जवळपास तीन वर्षं बंद ठेवलं.

गावाच्या खाली ओढ्याचा रंग पालटतो. पठारावरून मुरताना पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, सौम्य आम्ल बनतं आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. झऱ्यातून बाहेर पडतं तेव्हा त्यात विरघळलेला चुना खच्चून भरलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडही भरपूर असतो, म्हणून चुना पाण्यातच राहतो. पाणी उघड्यावर वाहू लागलं, दगडांवर आपटलं, कड्यावरून पडलं की तो वायू उडून जातो. आता चुन्याला विरघळून राहता येत नाही. तो कॅल्साइटच्या रूपात बाहेर पडतो. जड पाणी तापवताना गिझरच्या कॉइलवर पांढरं पुट चढतं, तीच ही क्रिया, फक्त इथे वायू उष्णतेऐवजी खळखळाटाने निसटतो. कॅल्साइटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगतात आणि प्रकाश विखुरतात. तळावरही त्याचाच पांढरा थर असतो. त्या दोन्हींमुळे पाणी निळसर-हिरवं दिसतं. पूर आला की काही दिवस सगळं तांबडं होतं आणि गाळ बसला की निळाई परत येते.

कॅल्साइट जिथे बसतो तिथे दगड तयार होतो. त्याला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. पान, काटकी, शेवाळ, पाण्यात पडलेली फांदी, जे सापडेल त्यावर तो चढतो. ओढ्याच्या आडवा पडलेला एखादा ओंडका पुढे चंद्रकोरीसारखा बांध होतो. बांधावरून पाणी पातळ होऊन सांडतं, तिथे वायू जास्त सुटतो, म्हणून कडाच जास्त वेगाने वाढते. मागे कुंड साचतं, पुढे पायरी पडते. अशा पायऱ्यांवर पायऱ्या ओढा स्वतः बांधत जातो. सुमारे ३० मीटर उंचीच्या हवासू धबधब्यामागे दगडाचे जे पडदे लोंबतात, तेही त्याच पाण्याने घडवलेले. चालणाऱ्यासाठी सूचना एवढीच की हा दगड ओला असताना शेवाळाने निसरडा असतो आणि फुटला की कडा धारदार असतात. ओढा ओलांडताना अनवाणी उतरू नये.

ओढा जे बांधतो, त्याची मोडतोडही त्याच दरीत होते. २ जानेवारी १९१० रोजी आलेल्या पुराने सुपाय गाव वाहून नेलं. हिवाळा असल्यामुळे बहुतेक लोक वर पठारावर होते, म्हणून जीव वाचले. सरकार ज्या हिवाळी वस्तीला अडथळा मानत होतं, तिनेच त्या दिवशी जमातीला तारलं. ऑगस्ट २००८ मध्ये वरच्या भागातलं रेडलँड्स नावाचं मातीचं धरण पावसात फुटलं. शेकडो माणसांना हेलिकॉप्टरने हलवावं लागलं, आणि पाणी ओसरल्यावर दिसलं की ओढ्याने वाट बदलली आहे. नावाजलेला नवाहो धबधबा कोरडा पडला होता आणि बाजूला गाळ खणून दोन नवे धबधबे तयार झाले होते. लहानपणापासून माहीत असलेला धबधबा एका रात्रीत नाहीसा झालेला पाहणाऱ्या गावकऱ्यांना काय वाटलं असेल! ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा पूर आला, पूल आणि पायवाटा वाहून गेल्या. २२ ऑगस्ट २०२४ च्या लोंढ्यात एका चालणारीचा जीव गेला, शंभरावर लोकांना अ‍ॅरिझोना नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरांनी बाहेर काढलं. मान्सूनच्या महिन्यांत इथे तंबू ठोकणाऱ्याने रात्री झोपण्याआधी चढून जायची उंच जागा हेरून ठेवावी, आणि पाण्याचा रंग अचानक तांबूस झाला किंवा आवाज बदलला तर सामानाचा मोह सोडून तिथे जावं.

तंबूंच्या जागेपलीकडे मूनी धबधबा आहे, सुमारे ६० मीटर उंच. १८८० च्या दशकात इथे धातूच्या शोधात आलेला मूनी नावाचा खाणवाला दोराने उतरताना पडून मेला, त्याचंच नाव धबधब्याला राहिलं. नंतरच्या खाणवाल्यांनी ट्रॅव्हर्टाइनमध्येच बोगदे खोदून, साखळ्या ठोकून खाली जायची वाट काढली. आजही तीच वापरतात. दोन अरुंद बोगदे, मग साखळ्या, मग तुषारांनी सतत भिजलेल्या लाकडी शिड्या. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने वरूनच पाहावं, खालून दिसतं त्याहून काही कमी दिसत नाही. खाली गेलेल्यांना पुढे बीव्हर धबधब्याच्या पायऱ्या भेटतात आणि त्यानंतर राष्ट्रीय उद्यानाची हद्द. या खालच्या टप्प्यात २०११ पासून उद्यानाने हम्पबॅक चब हा दुर्मीळ मासा सोडला. कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण झाल्यावर तळातून सुटणाऱ्या गार पाण्यात त्याची वाढ खुंटली होती. हवासूच्या उबदार पाण्यात तो टिकला, वाढला आणि वीणही होऊ लागली.

आता त्या पठारावरच्या खड्ड्याबद्दल. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठापासून सुमारे १६ किलोमीटरवर, हवासूपाय लोकांना पवित्र असलेल्या रेड ब्यूट या टेकडीजवळ, पिन्यॉन प्लेन नावाची युरेनियमची खाण आहे. तिचं जुनं नाव कॅन्यन माइन. जानेवारी २०१२ मध्ये केंद्र सरकारने ग्रँड कॅन्यनभोवतालच्या सुमारे दहा लाख एकरांवर नव्या खाणींच्या दाव्यांना वीस वर्षांची बंदी घातली. ८ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी तिथे बाज न्वाव्ह्यो इता कुक्वेनी हे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. दोन्ही वेळी आधीपासून हक्क असलेल्या खाणी वगळल्या गेल्या, आणि पिन्यॉन प्लेनमधून २०२४ च्या सुरुवातीस खनिज काढायला प्रारंभ झाला. खाणीची विहीर खोल खणताना २०१६-१७ मध्ये वरच्या थरांतलं पाणी तिच्यात शिरू लागलं होतं आणि ते सतत उपसावं लागलं. कंपनीचं आणि राज्याच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं असं की खालचा मोठा साठा बराच खोल आहे, मधले थर घट्ट आहेत, पाण्याला धोका नाही. हवासूपाय लोकांचं म्हणणं असं की थर घट्ट असले तरी भ्रंश आणि भेगा आहेत, आणि आमचं पिण्याचं, शेतीचं सगळं पाणी त्या एकाच साठ्यातून येतं.

या वादात भूगर्भशास्त्र हवासूपाय लोकांची काळजी दूर करू शकत नाही. वरून खाली पाणी कोणत्या भेगेतून, किती वेगाने जातं हे पठाराच्या प्रत्येक तुकड्यापुरतं वेगळं आहे. झऱ्याच्या पाण्याचे नमुने घेऊन युरेनियम मोजलं जातं, आणि ते मोजलंच पाहिजे. पण आज सुपायच्या वर जमिनीतून बाहेर पडणारं पाणी ही खाण सुरू होण्याच्या किती तरी आधी पठारावर पडलेलं आहे. आजचे नमुने त्या जुन्या पठाराबद्दल बोलतात. खाणीतून काही निसटलंच, तर ते इथे दिसेपर्यंत खाण बंद झालेली असेल, कंपनीचे मालक बदललेले असतील आणि परवाना देणारे अधिकारी निवृत्त झालेले असतील. ओढ्याकाठी शेतं करणारी कुटुंबं मात्र तिथेच असतील, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही. म्हणून परवान्याच्या प्रत्येक टप्प्यावर हवासूपाय प्रतिनिधी पुन्हा पुन्हा उभे राहतात आणि झऱ्याच्या आधी पठार तपासा, म्हणून सांगतात.